पहिलं बाळंतपण माहेरी

दवाखान्यातल्या सिस्टरनं फाईल उघडली आणि विचारलं, "बाळंतपणाला गावी जाणार का? पहिलं आहे ना?"

"नाही, इथंच," मी म्हणाले. जरा मोठ्यानं म्हणाले असेन, कारण रांगेतल्या बाया वळून बघायला लागल्या.

मला सातवा लागलाय. नवरा पुण्याकडं एका कंपनीत कामाला आहे, मी एका मेसमध्ये पोळ्या लाटते. महापालिकेचा दवाखाना खोलीपासून पायी जाण्यासारखा. इथल्या बाया रांगेला वैतागतात, आणि ते खरंही आहे, दोन-दोन तास उभं राहावं लागतं. पण मला ती रांग बरी वाटते. पुढं तपासायला कुणीतरी बसलेलं आहे म्हणून तर रांग आहे. दर वेळी रक्त किती आहे ते मी दोनदा विचारते. परत निघताना सिस्टरला थँक्यू म्हणते, तर ती हसते, "अगं, काम आहे आमचं."

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी असतं. लेकीला आणायला माहेरचं माणूस जातं. नाही गेलं तर लेकीला सासरी खाली बघावं लागतं आणि आईला गावात. माझ्या मोठ्या बहिणीला आणायला बाबांबरोबर मी गेले होते. आठवीनंतर शाळा सुटलेली, घरीच होते.

तिचं सासर चंद्रपूरच्या पलीकडं, कोरपन्याकडं. कापसाची शेतं, सिमेंटच्या कारखान्यांकडं जाणारे ट्रक, घरातल्या ताटावरसुद्धा बारीक धूळ. पण रस्ता पक्का, आणि ऑटोत बसलं की थोड्याच वेळात दवाखाना. बाबा तिच्या सासऱ्याशी बोलत बसले तेव्हा तिनं मला मागच्या पडवीत ओढलं.

"मले इथीच राहू दे ना व," ती म्हणाली. "डॉक्टरीन बाई मनते, रक्त कमी हाय. दर आठवड्याले बोलावून राह्यली."

"काऊन? आतापासूनच सासरची झाली का?" मी म्हणाले. "तिकडे माय मोहाचे लाडू करून राह्यली तुझ्यासाठी, अन् तुले इथली सिमेंटची धूळ गोड लागून राह्यली."

तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला, हसली, आणि पिशवी भरायला लागली.

तेवढंच झालं. मी ओढून नेलं नाही, भांडले नाही. एक टोमणा मारला.

परतताना आधी चंद्रपूर, मग गडचिरोली, मग तालुक्याची गाडी. पक्की सडक संपते तिथून पुढं आमच्या गावापर्यंत जंगलातली वाट, पायी दीड तासाची. त्या दिवशी एक ट्रॅक्टर मिळाला. प्रत्येक गचक्याला ती माझा हात घट्ट धरायची. मला वाटलं, घरी यायचा आनंद झालाय.

आईला तर काय करू आणि काय नको असं झालं होतं. लाडू, जवसाची चटणी, रोज तेलानं डोकं चोळणं. गावची आशाताई दोनदा येऊन गेली. गोळ्या दिल्या, आणि आईला म्हणाली, "बाई, शेवटचे पंधरा-वीस दिवस हिले तालुक्याले नेऊन ठेवा. दवाखान्याजवळ खोल्या आहेत, जेवण भेटते. सोबत एक बाई पाहिजे फक्त."

"अन् तेंदू कोण तोडन?" आई म्हणाली. "हंगाम सरू दे. पहिलटकरीन हाय, उशीरच होते. मग मीच घेऊन जातो."

आईला दोष देववत नाही. तेंदूपत्ता, म्हणजे बिडीचं पान, वर्षातून जेमतेम पंधरा दिवस असतो, आणि हातात रोख पैसा येतो तो त्यातूनच. त्या दिवसांत गाव उजाडायच्या आत जंगलात जातं, दुपारी डोक्यावर पानांचे भारे घेऊन परततं. मग अंगणात बसून सगळ्यांनी पुडे बांधायचे. मागं राहतात म्हातारी माणसं, लेकरं आणि गुरं. त्या हंगामात मला बहिणीजवळ ठेवलं होतं, तेही आईला जीवावर आलं होतं.

हंगामाच्या सहाव्या दिवशी सकाळी ती चुलीपुढून उठली आणि भिंतीला धरून उभी राहिली. "माय कुठी हाय?" म्हणाली. कळा सुरू झाल्या होत्या.

शेजारची म्हातारी सुईण होती, तिला बहिणीजवळ बसवलं आणि मी टाकीजवळच्या मोहाच्या झाडाकडं पळाले. फोनला रेंज तिथंच येते. १०८ च्या गाडीला फोन लावला, तिसऱ्यांदा लागला. पलीकडच्या माणसानं नीट ऐकून घेतलं, धीर दिला, गाडी निघाली म्हणाला. "पण गाडी पक्क्या सडकेपर्यंतच येते, ताई. पेशंटला तिथपर्यंत आणा."

आणायचं कशावर? खाटेवर. खाटेला चार खांदे लागतात. गावात त्या सकाळी चार खांदे नव्हते.

मी जंगलात शिरले. तेंदू तोडणारी माणसं एका जागी नसतात, जिकडं कोवळं पान तिकडं. मी हाका मारत फिरले. आधी दुसऱ्याच गावच्या बाया भेटल्या, त्यांनीही माझ्याबरोबर हाका द्यायला सुरुवात केली. बाबा सापडले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. भारे तिथंच टाकून आई, बाबा आणि आणखी तिघं माझ्यामागं निघाले.

घरी आलो तर बाळ झालं होतं. मुलगी. रडत होती, चांगली होती. सुईण माझ्याकडं न बघता म्हणाली, "रक्त थांबून नाई राह्यलं."

खाट उचलली. आई बाळाला छातीशी धरून मागं. मी बहिणीच्या तोंडावर ऊन नको म्हणून पळसाची पानं धरून खाटेच्या बाजूनं चालत होते. अर्ध्या वाटेवर तिनं डोळे उघडले. ओठ पांढरे पडले होते. मला वाटलं पाणी मागते, म्हणून वाकले.

"सिमेंटची धूळच बरी होती व," ती म्हणाली. आणि हसली. मला बोल लावत नव्हती, चेष्टाच करत होती. मी पानं तिच्या तोंडावर आणखी खाली धरली.

गाडी उभी होती. त्यातल्या माणसांनी सलाईन लावलं, जेवढं हातात होतं तेवढं केलं. तालुक्याला रक्त नव्हतं, जिल्ह्याला न्यायला सांगितलं. जिल्हा यायच्या आधी गाडीतला माणूस हळू आवाजात बाबांशी बोलला, आणि बाबांनी टोपी काढली.

ती मुलगी आता माझ्या आईजवळ वाढते.

सिस्टरला "इथंच" सांगितलं त्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. "आठव्यात आणाले येते तुझे बाबा. लाडू कराले घेऊ का?"

"माय, मी नाई येत," मी म्हणाले.

पलीकडून पानांची सळसळ ऐकू आली. मोहाखाली उभी असणार, तिथूनच तर बोलते ती. मग म्हणाली, "मीच येऊन जाईन तिकडे. पोरीले घेऊन."

"तेंदू?"

"असू दे तेंदू."

आई आली ती एका हातात लाडवांचा डबा आणि दुसऱ्या हातात पोरगी धरून. चहासुद्धा घेतला नाही. "दवाखाना कुठी हाय ते दाखव," म्हणाली. आम्ही तिघी निघालो. कोपऱ्यावरचं किराणा दुकान, शाळा, डावीकडं वळलं की फाटक. पोरीनं एकदाही उचलून घे म्हटलं नाही.

आई फाटकाशी थांबली. आत एक गाडी उभी होती, बायांची रांग होती. तिनं मागं वळून आलेल्या वाटेकडं पाहिलं. इथून आमच्या चाळीचं पत्र्याचं छप्पर दिसतं.

"पायीच येता येते व इथी," ती म्हणाली. "पोरगी पायी आली."

आणि फाटकाशेजारच्या कठड्यावर बसून तिनं पदर तोंडाला लावला.