नंबर सतराची हजेरी

आधीच सांगून ठेवतो, भुतंखेतं मी मानत नाही. मानणार तरी कसा? आमच्या अमरावतीच्या होस्टेलातली निम्मी भुतं मीच पैदा केलेली! विहिरीवरची बाई माझी, मेसच्या कोठीत खोकणारा म्हातारा माझा. तेव्हा हे वाचून "झालं याचं सुरू" म्हणाल, तर म्हणा. पण या एका गोष्टीत मी पदरचं काही घातलेलं नाही... सुपरिंटेंडेंट सरांच्या मिशा सोडून.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, तेव्हाची गोष्ट. होस्टेलच्या दारातच नियमांची पाटी. एकूण बावीस. खोलीत स्टो पेटवू नये, भिंतीत खिळा ठोकू नये, पाहुणा झोपवू नये... जांभईवर तेविसावा येणार अशी बोलवा होती. पण सातवा नियम जीवघेणा. दिवेलागणीच्या हजेरीला रजेशिवाय तिसऱ्यांदा गैरहजर, की ट्रंक-वळकटीसह बाहेर. सर पुण्याचे. मिशा अशा, की व्हरांडा झाडून घ्यावा. हजेरीला "प्रेझेंट सर" म्हणायचं, असा त्यांचा हुकूम.

माझ्या खोलीतला पुंडलिक तेल्हाऱ्याकडचा. नंबर सतरा. सगळ्या रांगेत तो एकटाच "हाव जी" म्हणे. दोन गैरहजेऱ्या त्याच्या नावावर लागल्या होत्या, दोन्ही माझ्याच नादानं नाटकाला गेल्यामुळे. अमरावतीत त्याला ठेवून घेणारं कोणी नव्हतं. होस्टेल सुटलं की कॉलेज सुटलं.

भादव्यात घरून चिठ्ठी आली, बापाला विषमज्वर झाला, ताबडतोब ये. पुंडलिक अर्ज घेऊन सरांकडे गेला. मी दाराआड उभा.

"पालकांची सही?"

"सर, पालकच तं बिमार हायेत."

"नियम पंधरा. पालकांच्या सहीशिवाय रजा नाही."

"शुद्ध नाई त्याईले, सर. सही कराले उठतीन कसे?"

सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. पण रजा दिली नाही.

खोलीत येऊन पुंडलिक ट्रंकेवर बसला. "मी जातो," म्हणाला.

घरातून निघताना माणूस "येतो" म्हणतो. हा चक्क "जातो" म्हणाला.

"येतो म्हन, बे!" मी खेकसलो. "हजेरीचं मी पाह्यतो. तुह्या आवाजात असा हाव जी ठोकतो, का तुह्या मायलेही फरक समजनार नाई."

पहाटेच्या गाडीनं तो निघाला. अकोल्यापर्यंत रेल्वे, तिथून तेल्हाऱ्यापर्यंत मोटार, पुढे पायी.

संध्याकाळी व्हरांड्यात रांग लागली. नकला करणं हा माझा हातखंडा, पण त्या दिवशी सर कंदील घेऊन नेमके माझ्यासमोर येऊन थांबले. सोळा नंबर माझाच. "प्रेझेंट" निघालं, तेही चिचुंद्रीसारखं.

"सतरा."

देवाशपथ सांगतो, घशात आवाजच नव्हता! मित्राचं सगळं शिक्षण तिथं अडकून बसलेलं, आणि मी नुसता घाम पुसतोय.

"नंबर सतरा!" सर असे ओरडले, की निंबावरचे बगळे उडाले.

"हाव जी!"

माझ्या डावीकडच्या रिकाम्या जागेतून. पुंडलिकाचाच आवाज... धापा टाकणारा.

"प्रेझेंट सर म्हणावं," असं पुटपुटत सरांनी पेन्सिलीनं खूण केली. "अठरा."

नंतर पोरांनी मला खांद्यावर घेतलं. "काय नक्कल केली बे!" मी नाही, मी नाही, असं रडकुंडीला येऊन सांगत होतो. हसून हसून लोळले लेकाचे.

दुसऱ्या दिवसापासून महालक्ष्म्यांची सुटी, म्हणून हजेरी नव्हती. सुटी संपायच्या आत टपालानं पुंडलिकाच्या रजेचा अर्ज आला. खाली बापाची सही, कोंबडीनं उकरल्यासारखी. शुद्धीवर आला होता तेवढ्यात त्यानं ती केली, आणि दुसऱ्या दिवशी गेला.

तेरवी आटोपून पुंडलिक परतला तो मुंडण केलेला.

"त्या दिवशी दिवेलागनीले मी नाल्यात शिरलो होतो," तो म्हणाला. "पानी मांडीलोक. मांगून कोनीतरी वरडलं, नंबर सतरा! सवयीनं हाव जी म्हनत मांगं फिरलो, काठावर चढलो... अन् वरून लोंढा आला, बाभूयचं अख्खं झाड घिऊन. कावून बे, तू आला होता काय तिथं?"



टर्म संपल्यावर सरांचा निरोप घ्यायला गेलो. राहवलं नाही. "सर, त्या दिवशी सतराची हजेरी मी दिली नव्हती."

"ठाऊक आहे," सर म्हणाले. "मी तुमच्याच तोंडाकडे पाहत होतो. ओठ हलले नाहीत."

"मग खूण कशी केलीत, सर?"

"हाक मारली. उत्तर आलं. नियमात तेवढंच आहे." आणि ते पुन्हा चष्मा पुसू लागले.

इतक्या वर्षांत या गोष्टीला मी नाना शेपट्या जोडून पाहिल्या. एकही बसत नाही. थापा मारण्यात जन्म गेला माझा, पण या खऱ्यापुढे अजून मुकाच आहे... त्या संध्याकाळसारखा.