नागाला अग्नी

आमच्या भावकीत दस्तूर असा, की हातून नाग मेला तर त्याला तसाच फेकायचा नाही. तोंडात तांब्याचा तुकडा ठेवायचा, वर तूप सोडायचं आणि माणसासारखा अग्नी द्यायचा. नाही दिला तर घरातल्या गर्भार बाईला भोगावं लागतं. मी तिसरीतून शाळा सोडली, पण हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

धाकटी लेक औरंगाबादला कॉलेजात सापांचं शिकत होती. गावोगावी लोकांनी मारलेले साप ती मागून न्यायची. पोट फाडून बघायची, साप काय खातो ते लिहायची. पाचोडच्या बाजारात लोक मला विचारायचे, "काका, लेकीला आज काय धाडू, धामण का घोणस?" मी ऐटीत सांगायचो, "असंल ते द्या."

त्या साली कडब्याच्या गंजीत पुतण्याच्या हातून नाग मेला. मी रानात होतो. लेक सुट्टीला आली होती. तिनं तो डब्यात घातला आणि दुपारच्या गाडीनं नेला. संध्याकाळी सून जेवंना. ती गर्भार होती, आणि आधी एकदा तिचं पोटातलं गेलं होतं. नुसती भिंतीकडं तोंड करून बसली.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेज गाठलं. काचेच्या बरणीत, औषधात नाग वेटोळं करून होता.

"दे माय तो इकडं."

"आबा, तुम्ही नेला तर उद्या सगळेच येतील. मग मला कोण देईल?"

"सगळ्यांचं मला काय सांगती? मला सुनेचं बघायचंय."

"वहिनीला मी समजावते. चला, आत्ता येते."

"समजावून भ्या जातं व्हय? तुझ्या आईला तू पालीचं समजावलं व्हतं. ती अजून फडताळ उघडत नाय."

ती हसली. मग म्हणाली, "माझं सगळं शिक्षण यावर हाय, आबा."

मी स्टुलावर बसलो. नाग घेतल्याबिगर उठणार नाय म्हणलं. तिचे सर दारातून डोकावून गेले. कॉलेज सुटायच्या वेळी तिनं नाग काढला, पिशवीत बांधला आणि माझ्याकडं न बघता पुढं केला.

बांधावर अग्नी दिला. औषध मुरलेलं अंग पेट घेईना, घासलेट ओतावं लागलं. सून लांबून बघत होती. त्या दिवशी ती जेवली.

लेक म्हणाली तेच झालं. ज्यांनी ज्यांनी भिडेखातर नाग दिले होते ते कॉलेजात गेले. "बापाचा दिला, मग आमचा का नाय?" तिनं एकेक परत केला. नवीन साप कुणी देईना. बाजारात मला कुणी विचारीनासं झालं.

नातू धडधाकट झाला. मी केलं ते मला आजही बरोबर वाटतं. सुनेच्या पोटावर मी पैज लावली नसती. लेकही कधी तोडून बोलली नाही. शिकायचंही तिनं सोडलं नाही, आता केरळात जंगलात असते. फोन करते, सगळ्यांची खुशाली विचारते, कामाचं मात्र काढत नाही. एकदा मीच विचारलं, "आता कोणता साप धरलास?"

"साप नाही, आबा. बेडकं."

"बेडकं का गं?"

"बेडकासाठी कुणाचा बाप येऊन बसत नाही."

मी म्हणलं, "व्हय." मग तिकडं पाऊस किती आहे ते ती सांगत राहिली आणि मी ऐकत राहिलो.