फॉर्मेलिनमधला तुकडा

आत्याच्या डाव्या पायाची जखम मधुमेहामुळे भरत नव्हती. कोठी भागातल्या औषधाच्या दुकानात डॉक्टरची चिठ्ठी न विचारता मिळणाऱ्या गोळ्या ती घ्यायची, आणि बरं वाटलं की बंद करायची. नामपल्लीजवळच्या रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा जखमेतले जीवाणू जवळजवळ कुठल्याच अँटिबायोटिकला दाद देत नव्हते. पाय जाणार, असं सर्जन म्हणू लागले होते.

शहरातल्या एका प्रयोगशाळेत बॅक्टेरिओफाजवर, म्हणजे जीवाणूंना मारणाऱ्या विषाणूंवर, काम चालतं. तिथली संशोधिका पुण्याची, माझ्या बातमीदारीतून ओळखीची. तिने स्पष्ट सांगितलं, "त्यांच्याच जखमेतले जीवाणू हवेत, आणि जिवंत. आमच्या फाजने ते मरताना मायक्रोस्कोपखाली दिसले, तरच उपचाराच्या परवानगीसाठी अर्ज करता येईल."

आत्याला हे सांगितलं. "जंतूंवर जंतू सोडणार? तुझ्या पेपरात खपेल ते," ती म्हणाली. मग म्हणाली, "कर. पाय राहिला तर काहीही चालेल."

पहिल्या तपासणीतले जीवाणू रुग्णालयाने अहवाल देताच नष्ट केले होते. तसा नियमच असतो. जखम साफ करण्याची शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा मी सर्जनना सांगितलं, कापलेला एक तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये द्या. "हो, हो," ते म्हणाले.

मिळालेला डबा मी प्रयोगशाळेत नेला. संशोधिकेने झाकण उघडलं आणि लगेच लावलं. तो उग्र वास मलाही कळला. फॉर्मेलिन.

"यात सगळं मरतं. मेलेल्या जीवाणूवर फाज काय करणार?"

मी परत गेलो. थिएटरच्या सिस्टर म्हणाल्या, "काटा सो टुकडा हमेशा इसीच में डालते, साब. जांच को ऐसाच जाता." सर्जन इंग्रजीत म्हणाले, "रिपोर्ट आहे ना तुमच्याकडे? मग परत तुकडा कशाला?" दुसरा नमुना त्यांनी दिला नाही. यात द्वेष नव्हता, कट नव्हता. त्यांनी ऐकलं नव्हतं, इतकंच. माझा संताप त्याचाच आहे.

संसर्ग हाडात शिरला. पाय गुडघ्याखाली कापला. त्या दिवशी सलाइनचा डबा घेऊन मी स्वतः थिएटरच्या दाराशी उभा होतो. कापलेल्या पायातला तुकडा त्यात घेतला आणि थेट प्रयोगशाळेत नेला.

तिथल्या मायक्रोस्कोपखाली फाज दिसत नाहीत, ते फार लहान असतात. दिसतो तो परिणाम. काडीसारखे जीवाणू वाढत होते, दुभंगत होते. फाज सोडल्यानंतर काही वेळाने एक फुगला, गोल झाला, फुटला. मग त्याच्या शेजारचा. शेवटी पडद्यावर राखाडी कचरा उरला. शरीरातही असंच झालं असतं, याची खात्री कुणी देत नाही. पण ते करून बघायची संधीच आत्याला मिळू दिली नाही.

संशोधिकेने त्याचा व्हिडिओ मला दिला. आत्याने तो माझ्या फोनवर दोनदा पाहिला. सर्जन फेरीवर आले, तेव्हा फोन तिनेच त्यांच्यापुढे धरला.

"इंटरेस्टिंग," ते म्हणाले. "मला पाठवून द्या. पुढच्या महिन्यात कॉन्फरन्स आहे."

"द्यायचा नाही," आत्या मला मराठीत म्हणाली. मग त्यांच्याकडे वळून, "पाँव मेरा था डॉक्टरसाब. पिच्चर भी मेरीच है."

ते हसले. त्यांना तो विनोद वाटला. मग ते पुढच्या खाटेकडे गेले.