सदतिसाव्या पानावरचा शिक्का

पुस्तकांची पेटी परत आली की ती दुपारीच उघडायची, असं आमच्या वाचनालयात ठरून गेलं होतं. बारा ते चार वाचनालय बंद असतं. नवी पेठेतल्या गर्दीचा आवाज तेवढा वेळ दाराबाहेर राहतो. वाचनकक्षाच्या काचांना उन्हासाठी कोणी तरी कधी तरी निळा रंग दिला होता. तो जागोजागी उडालेला होता, तरी भर उन्हाळ्यात आत बसलं की पाण्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटे.

पत्र्याच्या पेटीत चाळीस पुस्तकं असत. अकलूजच्या शाळेतून ती आली की झाकण उघडताच साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस-गोड वास येई. शहराच्या पूर्व भागातल्या शाळेतली मुलं घरी तेलुगू बोलतात आणि त्यांच्या घरी माग असतात. तिथून आलेल्या पुस्तकांत खूण म्हणून ठेवलेले रंगीत सुताचे तुकडे सापडत. करमाळा तालुक्यातल्या एका गावाहून आलेल्या पुस्तकांच्या शिवणीत मेंढीच्या लोकरीचे केस असत. वर्तमानपत्रातून निवृत्त झाल्यावर मी यादी तपासण्याचं काम घेतलं होतं. यादीत नाव, पानं, फाटलं आहे की नाही, एवढेच रकाने होते. वासाला आणि धाग्यांना रकाना नव्हता. ते मी वेगळ्या वहीत लिहून ठेवी.

ही पुस्तकं कोणा एकाची नव्हती. दोन वाचनालयं आणि सहा शाळा यांनी मिळून हा पूरक संग्रह केला होता. ज्याच्या कपाटात जे नाही ते त्याला या पेट्यांतून मिळावं, एवढाच हेतू होता. पेटी एका ठिकाणी तीन महिने राही, मग एसटीने आमच्याकडे तपासणीला येई आणि इथून पुढच्या ठिकाणी जाई. नियम दोन होते. ज्या शाळेकडून मागणीचं पत्र येईल तिथेच पेटी पाठवायची, आणि पुस्तकावर कोणीही आपला शिक्का मारायचा नाही. शिक्का बसला की पुस्तक त्या शाळेच्या नोंदवहीत चढतं, दरवर्षी पडताळणीत दाखवावं लागतं, आणि मग कपाटाबाहेर पडत नाही.

ग्रंथालयांत एक जुना रिवाज आहे. पहिल्या पानाखेरीज आतल्या आणखी एका ठरलेल्या पानावर शिक्का मारतात. कोणी पहिलं पान फाडून पुस्तक नेलं, तरी ते कुठलं हे आतून कळतं. या पानाला गुप्त पान म्हणतात. आमच्या वाचनालयाचं गुप्त पान एक्कावन्न आहे.

त्या मार्चमध्ये करमाळा तालुक्यातली पेटी आली. सुटी पानं पाहत असताना एका पुस्तकाच्या सदतिसाव्या पानावर जांभळा गोल दिसला. दुसऱ्या पुस्तकातही दिसला. मग मी प्रत्येक पुस्तक थेट तिथेच उघडत गेलो. चाळीसही पुस्तकांत, खालच्या उजव्या कोपऱ्यात, एकाच अंतरावर त्या शाळेचा शिक्का होता. पहिल्या पानावर मात्र नव्हता; सदतीस हे त्या शाळेचं गुप्त पान असणार. निळ्या उजेडात ते गोल एकामागून एक येत राहिले. काही वेळाने मोजणी बाजूला पडली आणि नुसतं पाहणं उरलं.

त्या शाळेत ग्रंथालयाचं काम एका शिक्षिकेकडे होतं. ग्रंथपालांनी त्यांना फोन लावला. सवयीने हात गेला, असं बाईंनी सांगितलं. नवीन पुस्तक समोर आलं की शिक्का मारायचा, हे इतकी वर्षं चाललेलं.

"चाळीस वेळा गेला का बाई हात?" ग्रंथपाल म्हणाले. "आमचा एवढा गेला असता तर आम्ही डॉक्टरकडे गेलो असतो."

बाई हसल्याचं फोनमधून ऐकू आलं. पण अडचण खरी होती. पूर्व भागातली शाळा पेटीची वाट पाहत होती, आणि शिक्का असलेली पुस्तकं तिकडे पाठवता येत नव्हती. प्रत्येक शिक्का ज्याने मारला त्यानेच सही करून रद्द करायचा, असा रिवाज आहे. बाई महिनाअखेरीस निवृत्त होणार होत्या. शनिवारी येते, असं त्या म्हणाल्या.

त्या पहिल्या गाडीने निघून बाराच्या सुमाराला पोचल्या. हातात कापडी पिशवी, डोक्यावरून घेतलेला पदर उन्हाने तापलेला. पाणी प्यायल्या आणि लगेच टेबलाशी बसल्या. मी पुस्तक सदतिसाव्या पानावर उघडून समोर ठेवायचं, त्यांनी शिक्क्यावर तिरकी रेघ मारून 'रद्द' लिहायचं, खाली सही आणि तारीख, असं काम सुरू झालं. पहिली दहा पुस्तकं भराभर झाली. मग वेग मंदावला. सही झाल्यावरही त्या पान सोडत नव्हत्या. ओठ हलत. मला वाटतं, त्या दुपारी त्यांनी चाळीस पुस्तकांची सदतिसावी पानं वाचली. एकात कोणी नदी ओलांडत होतं, एकात झाडाच्या सालीची माहिती होती, एकात राजाला झोप येत नव्हती. मीही उलट्या बाजूने वाचू लागलो होतो. मधल्या पानांचं मिळून एक वेगळंच पुस्तक होत होतं. त्याला सुरुवात नव्हती, आणि पंख्याच्या वाऱ्याने ते आपोआप पुढे जात होतं.

एकतिसावं पुस्तक आकाशाचं होतं. जाड कागद, ताऱ्यांचे नकाशे. लोकरीचे केस याच पुस्तकात सर्वांत जास्त होते. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"हात गेला नव्हता, सर," त्या ग्रंथपालांना म्हणाल्या. "मीच मारले."

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्याकडे काम येण्याआधी शाळेचं पुस्तकांचं कपाट कित्येक वर्षं कुलपात होतं. पुस्तक हरवलं तर जबाब द्यावा लागतो, म्हणून कोणी उघडत नसे. कुलपाला तेल सोडून त्यांनी ते उघडलं होतं. आता त्या गेल्यावर ते पुन्हा बंद होणार आणि मागणीचं पत्रही कोणी लिहिणार नाही, अशी त्यांना भीती होती. निदान ही चाळीस पुस्तकं तरी गावात राहावीत, म्हणून शिक्के मारले. आणि ठेवून घ्यायचा धीर झाला नाही, म्हणून पेटी वेळेवर परतही पाठवली.

"आमची पोरं सप्तर्षीला बाज म्हणतात, चार पायांची खाट," त्या म्हणाल्या. "या नकाशावर त्यांना त्यांची बाज सापडली, तेव्हा तीन दिवस हे पुस्तक कोणी खाली ठेवलं नाही."

"शिक्का राहिला असता तर वर्षातून एकदा कपाट उघडलं असतं, बाई," ग्रंथपाल म्हणाले. "पण ते मोजायला. वाचायला नाही."

"व्हय," बाई म्हणाल्या. इतका वेळ त्या पुस्तकी मराठी बोलत होत्या. त्यांनी पेन उचललं आणि ताऱ्यांवरच्या शिक्क्यावर रेघ मारली. राहिलेली नऊ पुस्तकंही केली. निघताना त्यांनी एकच विचारलं, पत्र कोणी लिहिलं तर चालतं? शाळेचा शिक्का आणि मुख्याध्यापकांची सही असली की पुरे, हस्ताक्षर कोणाचंही चालेल, असं ग्रंथपालांनी सांगितलं. बाईंनी ते पिशवीतल्या कागदावर लिहून घेतलं.

पेटी पूर्व भागात गेली, तपासणी होऊन मग अकलूजला. पावसाळा संपत आला, पेटी परतली, आणि करमाळ्याकडच्या त्या शाळेचं पत्र आलेलं नव्हतं. ग्रंथपालांनी पुढच्या शाळेचं नाव यादीत घातलं, पण पेन्सिलीने. पेटी आठवडाभर कोपऱ्यात ठेवली. कोणी विचारलं तर, बिजागरी दुरुस्त करायची आहे, असं ते सांगत. बिजागरी ठीक होती.

आठव्या दिवशी टपालाने वहीचं दुरेघी पान आलं. चार ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीचं अक्षर वेगळं होतं. पुस्तकांची पेटी परत पाठवावी, आम्ही नीट ठेवू, कपाटाची किल्ली वर्गात खिळ्यावर आहे, आकाशाचं पुस्तक पेटीत असू द्यावं. खाली मुख्याध्यापकांची सही होती, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात तोच जांभळा गोल.

ग्रंथपालांनी पेन्सिलीने लिहिलेलं नाव खोडलं. आकाशाचं पुस्तक मी काढून सर्वांत वर ठेवलं. ठेवण्याआधी सदतिसावं पान उघडून पाहिलं. रद्द केलेल्या शिक्क्यातून गावाचं नाव स्पष्ट वाचता येत होतं, आणि शिवणीत अकलूजहून फिरून आलेला लोकरीचा एक केस अजून होता. तो तसाच राहू दिला. वहीत नोंद केली आणि झाकण लावलं.