सरांची गुळणी

लढाई शिकवून झाली की आमचे इतिहासाचे सर नुसतं पाणी पीत. पण निःशस्त्र माणसांची कत्तल शिकवली, की तडक नळावर जाऊन खळखळून गुळणी करीत. "तोंडात घाण साचते," म्हणत. न्हावऱ्याच्या शाळेत त्यांना गुळणी सर म्हणत आणि हे त्यांना ठाऊक होतं. शिरूरच्या जुन्या मुसलमान घरातले. रोज एसटीने येत.

युद्धगुन्ह्यांवर पुस्तकात जेमतेम एक ओळ होती. सर त्यावर आठवडा घालवीत. शरण आलेल्या गावकऱ्यांचे हात मागे कसे बांधले, त्यांना ओढ्याकडे तोंड करून कसं उभं केलं, सगळं सांगत. मग पुढे खटल्यात अधिकाऱ्यांनी दिलेलं उत्तर येई, 'वरून हुकूम होता.' इथे सरांचं तोंड नासकं दूध प्यायल्यासारखं होई. "हुकूम देणारा एकच असतो रे," ते म्हणत. "मानणारे आपल्यासारखेच. घरून डबा खाऊन आलेले."

आम्ही दहावीत असताना गॅदरिंगला वर्गातल्या मुलांनी युद्धाची नाटिका बसवली. मी निवेदन करत होते. संदीप सेनापती होता. शत्रू शरण आला, त्याचे हात मागे बांधले, ओळीत उभा केला आणि लवंगी फटाक्यांच्या आवाजावर एकेक पाडला. मांडवात शिट्ट्या. संस्थेचे अध्यक्ष, सगळे त्यांना आप्पा म्हणत, पहिल्या रांगेतून ओरडले, "वन्स मोअर!" मेलेली पोरं हसत उठली आणि पुन्हा ओळीत लागली. नीट दिसावं म्हणून आयांनी लेकरं उचलून धरली. माझ्याच गावची माणसं ती, एरवी मेल्या म्हशीसाठी रडणारी.

सर स्टेजवर चढले आणि पोरांच्या हातांच्या गाठी सोडू लागले.

"हे कुठं शिकलास?" त्यांनी संदीपला विचारलं.

"तुम्हीच तर सांगितलं व्हतं सर. हात मागं, तोंड ओढ्याकडं. समदं तसंच केलंय." त्याला शाबासकी हवी होती. सरांचा चेहरा पांढराफटक पडला.

"दुश्मनच व्हते ना सर?" आप्पा खालून म्हणाले. "मग तुम्हालाच का टोचलं?"

त्या 'तुम्हालाच'चा अर्थ कळला नाही असं मांडवात कुणी नव्हतं. काही जण हसलेसुद्धा. हलकट हसणं होतं ते.

"हात बांधले की दुश्मन संपतो, आप्पा," सर म्हणाले. "मग उरतो तो नुसता माणूस."

जूनमध्ये त्यांची बदली दौंड तालुक्यात, संस्थेच्या भांडगावच्या शाळेत झाली. मी निरोप घ्यायला गेले तेव्हा ते नळापाशीच होते. म्हणाले, "माझ्या शिकवण्यातून पोरं मारायला शिकली. आता शिकवावं का, हेच कळेना झालंय."

पुढे मी बी.एड. करताना भांडगावला त्यांचा तास बघायला बसले. तोच धडा होता. सरांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला सुतळी दिली आणि स्वतःचे हात मागे बांधून घेतले. पोरं खिदळली. सर तसेच शिकवत राहिले. ओढा नाही, ओळ नाही, फक्त खटला. पान उलटता येईना, घसरलेला चष्मा वर करता येईना. शाळेमागे गोठे, त्यामुळे माशा कायमच्या. एक ओठाच्या कोपऱ्यावर बसली. त्यांनी मान झटकली, ती परत बसली. हसू हळूहळू विरलं.

"मी दुश्मन आहे," सर म्हणाले. "गोळी घालायचा वरून हुकूम आलाय. कोण येतंय?"

कुणी हललं नाही. मग ती पहिल्या बाकावरची मुलगी उठली. तिने वहीने माशी हाकलली, चष्मा नीट बसवला आणि मागे जाऊन गाठीला हात घातला.

"लई घट्ट बसलीय सर," ती म्हणाली. "जरा हलू नका."

तास संपला. मी सवयीने नळाकडे पाहिलं. सर त्याच्यावरून सरळ पुढे निघून गेले.