बोटातली टाचणी

माझी मावशी बाटल्या बघते. बाटल्यांच्या कारखान्यात कामच आहे तिचं ते. पांढऱ्या उजेडाच्या पडद्यापुढून रिकाम्या बाटल्या सरकत जातात, तडकलेली दिसली की उचलून बाजूला टाकायची. इतकी वर्षं हे केलं, की डोळे तिथं ठेवून ती स्वतः निघून जायला शिकली. "कुठं जातेस गं?" विचारलं तर म्हणायची, "कुठंच नाही." आणि ते खरंच होतं. घरीही तेच. स्वयंपाक व्हायचा, धुणं व्हायचं, मावशी तेवढी हजर नसायची. मला याचा राग यायचा, अजून येतो.

मध्यंतरी कारखान्यानं कामगारांसाठी पाळी सुटल्यावर वर्ग सुरू केला. मावशीची शाळा लहानपणीच सुटलेली. मैत्रिणीनं ओढून नेलं म्हणून गेली. तिथल्या बाईंनी अक्षरं राहिली बाजूला, भलतंच खूळ काढलं. रोज एक गोष्ट नीट बघून यायची आणि वर्गात सांगायची. मी म्हटलं, शिकवायचा कंटाळा, दुसरं काय!

पहिल्या दिवशी मावशी म्हणाली, "बाटली." वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत. "शेवटची बाटली कशी होती?" त्यांनी विचारलं. मावशीला सांगता येईना. "मग उद्या घरातलं काहीतरी बघून या," बाई म्हणाल्या.

घरात बघण्यासारखं होतं कोण? काका. मावशीचे यजमान. ते शिंपी, पुढच्या खोलीत त्यांचं मशीन. हल्ली गिऱ्हाईक तुटलं होतं. काका म्हणायचे, मशीन कुरकुरतंय, लोक तयार कपडे घेतात. मावशी "हं" म्हणायची. तिच्या "हं"वर अख्खा संसार चालला होता.

त्या संध्याकाळी चहा ठेवून ती मशीनपाशीच उभी राहिली. गृहपाठ म्हणून काकांच्या हातांकडे बघू लागली. काका एका बाहीला टाचण्या लावत होते. एक टाचणी कापडातून आरपार त्यांच्या बोटात गेली. काका हूं की चूं नाही. त्यांनी पुढची टाचणी उचलली. कापडावर लाल ठिपका पसरला, तो मावशीलाच आधी दिसला.

"अहो, बोट!"

काकांनी टाचणी उपसली. "कळत नाही गं आता," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, "साखरेनं नसा गेल्यात. आधी यायला हवं होतं. गेलंय ते परत येणं कठीण, उरलंय ते सांभाळू." शिंप्याची बोटं गेली तर उरतं काय?

घरी आल्यावर मावशीनं विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"सांगायचं काय?" काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "चहाचा कप हातातून पडायचा, तू पुसून घ्यायचीस. मला वाटलं, तुला दिसलंय. दिसलंय, पण तुला काही वाटत नाही."

मावशी रडली नाही. आत काहीच हललं नाही, असं ती मला म्हणाली, आणि त्याचीच तिला भीती वाटली. काकांच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. कधीपासून उघडं असतं, तिला सांगता येईना. तिनं ते लावलं.