पाऱ्याचं यंत्र आणि मामंजी

आमच्याकडे सून सासऱ्याशी बोलत नसे. भांडण नव्हतं, रीतच तशी. मामंजी ओसरीवर आले की मी पदर पुढे ओढून आत जायचं, आणि त्यांना भाकरी हवी असली तरी ते आत्याबाईंकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे मागायचे, "तिला म्हणावं, आणिक एक टाक." ती म्हणजे मी, चुलीपाशी बसून सगळं ऐकत असलेली. कराडजवळच्या आमच्या गावात तेव्हा यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. बाहत्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी सांगलीची, मॅट्रिक झालेली, आणि त्या मॅट्रिकचा मला चांगलाच ताठा होता, पण पदराची अडचण मला कधी वाटली नाही. पदराआडून माणसं उलट निवांत बघता येतात.

मग मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला. आधी त्यांना लांबचा माणूस ओळखू येईना, मग समोरचाही. आत्याबाई आणि मी त्यांना सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. सांगलीचे रस्ते मला पाठ, म्हणून मी बरोबर. डॉक्टरांनी मामंजींना बंडी काढायला लावली आणि दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला. मी तिथेच कोपऱ्यात पिशवी धरून उभी होते. पाहून डॉक्टरांनी मान हलवली.

"एवढ्या प्रेशरवर डोळा उघडला तर आत रक्त सुटेल, डोळा हातचा जाईल," ते म्हणाले. "घरी रोज मोजा. महिनाभर खाली राहिलं की या, लगेच ऑपरेशन करू."

मिस्टर फौजेत होते. त्यांना कळवलं, तर पुढच्या सुट्टीत ते कुठूनसं पाऱ्याचं यंत्रच घेऊन आले आणि आमच्या हवाली करून परत गेले. पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडलं की काचेची नळी उभी राहायची. ते वापरायला मला कराडच्या डॉक्टरांनी शिकवलं. रबरी फुगा दाबून पारा वर चढवायचा, हळूहळू सोडायचा, कानातल्या नळीतून पहिला ठोका ऐकू आला की तो वरचा आकडा आणि ठोके विरले की खालचा. आत्याबाईंनी एकदा कानाला लावून बघितलं आणि म्हणाल्या, "मला तर काय बी ऐकू येत न्हाई बाई." घरात तिसरं कुणी नव्हतं.

पट्टा उघड्या दंडावर बांधायचा होता. सुनेसमोर बंडी काढून बसायचं या विचारानेच मामंजी दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. शेवटी डोळ्यांसाठी तयार झाले. सकाळी ओसरीवर पाटावर बसायचे, अंगाभोवती उपरणं गुंडाळून एकच हात बाहेर काढलेला, तोंड भिंतीकडे. पट्टा आत्याबाई बांधायच्या. मी पदराखालून नळ्या कानात घालायची आणि चकती त्यांच्या कोपराच्या खळग्यात धरायची. बोट लागू नये म्हणून जपायची, तरी लागायचंच. हात लाकडासारखा ताठ असायचा. आणि पारा रोज वर.

आकडा मी कधी चुकवला नाही. शंका आली तर पट्टा सोडून पुन्हा मोजायची. कराडचे डॉक्टर म्हणायचे की घरचा रोजचा आकडाच खरा, तुमच्यासारखी सून मिळायला नशीब लागतं. हे ऐकून मी हवेत चालत घरी यायची. माझ्या आकड्यांवर त्यांनी गोळी वाढवली, मग पुन्हा वाढवली. मीठ मी आधीच तोडलं होतं. त्यात मी अशी कडक, की आत्याबाईंनी ताटाच्या कडेला चिमूटभर ठेवलेलं मीठसुद्धा उचलून घेतलं होतं. मामंजी उठताना भिंत धरायला लागले, भोवळ यायची त्यांना. दिवसभर पेंगायचे. मी आत्याबाईंना शहाणपणाने सांगायची, "प्रेशर आहे ना, म्हणून होतंय."

असं जवळजवळ वर्ष गेलं. नजर पार गेली, नुसता उजेड तेवढा कळायचा. त्या वर्षात मामंजींचे थोरले भाऊ वारले. दोघं एका ताटात जेवलेले, शेजारी शेजारी घरं. शेवटचं तोंड बघायला मामंजींना हाताला धरून नेलं. ते वाकले आणि भावाच्या तोंडावरून बोटं फिरवत राहिले, कपाळ, नाक, मिशा. बायकांतून मी बघत होते. माझ्या मनात तेव्हा आलं ते एवढंच, की आज धक्का बसलाय, उद्या पारा आणखी वर जाणार. इतकी मी त्या यंत्राच्या नादी लागले होते.

दिवाळीनंतर नणंद बाळंतपणाला आली. ती आली की घर जागं व्हायचं. बापाशी ती मोकळेपणाने बोलायची, त्यांना हसवायची, रागवायचीसुद्धा. एके सकाळी मामंजी बंडी काढून पाटावर बसले होते, नणंद त्यांच्याजवळ. मी आत दूध उतू जाईल म्हणून थांबले होते. बोलता बोलता तिला उमासे आले आणि ती उठून परसात गेली. मी बाहेर आले, आत्याबाई गोठ्यात होत्या, म्हणून पहिल्यांदाच पट्टा मी स्वतः बांधला. मामंजींना वाटलं, लेकच परत आली. हात सैल पडला होता. मी पारा चढवला, सोडला, आणि ठोका येईचना. येईचना. एकदम खाली आला तो. कुणाही धडधाकट माणसाचा असावा तसा आकडा. यंत्र बिघडलं असं वाटून मी पुन्हा फुगा हातात घेतला.

तेवढ्यात मामंजी बोलायला लागले.

"मीठ तोडलं, सोसलं गं. डोळं गेलं, ते बी सोसलं. पर रोज सकाळी सुनंम्होरं उघडं बसायचं, ते न्हाई सोसत. आदल्या रातीपासनं धसका असतो बग. ती जवळ बसली की छातीत नुसतं धाड धाड व्हतं. पोर गुणाची हाय, तिचा काय दोष न्हाई. पर मला मेल्यावानी हुतं."

मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. नळ्या कानात तशाच होत्या. आधी मला त्यांचा राग आला, असा कसा हा माणूस, लाजेपायी वर्षभर आंधळा बसला! मग माझा मला आला, आणि तो काही गेला नाही. मी वर्षभर रक्तदाब मोजत नव्हतेच. मी जवळ बसल्यावर त्यांच्या जिवाचं काय होतं, ते मोजत होते, आणि तोच आकडा डॉक्टरांना नेऊन देत होते.

त्यांना उत्तर न देता मी पट्टा सोडला आणि आत गेले. नणंद आणि आत्याबाईंना चुलीपाशी सगळं सांगितलं. मला रडू येत होतं. आत्याबाई मात्र लगेच कामाला लागल्या. म्हणाल्या, "मग रोज हीच बसंल त्येंच्याजवळ. तू आपली गप येऊन ऐकत जा. त्येंना कुठं दिसतंय?"

दुसऱ्या दिवसापासून तसंच सुरू झालं. नणंद पट्टा बांधायची आणि गप्पा मारायची. मी बांगड्या कोपरापर्यंत चढवून वर फडकं बांधायची, पाय न वाजवता यायची आणि श्वास रोखून बसायची. मामंजी लेकीशी मनातलं बोलायचे. पोराची काळजी, थोरल्याची आठवण. एकदा म्हणाले, "तुज्या वैनीची आमटी म्हंजी नुसतं कोमट पाणी हाय बग." नणंदेने तोंडात पदर कोंबला आणि मलाही हसू आवरेना. एका आंधळ्या माणसाच्या पुढ्यात बसून आम्ही बायका त्याला हसत होतो. ते हसू आठवलं की आजही मला कुठे तोंड लपवू असं होतं.

आकडे खाली राहिले, कराडच्या डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या आणि मामंजींची भोवळही थांबली. महिना भरला तसे आम्ही सांगलीला गेलो आणि डॉक्टरांनी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं. पुढे भिंगासारखा जाड चष्मा आला. तो लावून मामंजी आधी गोठ्यात गेले, मग थोरल्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. घरी येऊन आत्याबाईंना विचारलं, थोरल्याचा एखादा फोटो कुणाकडं हाय का. तो कुणाकडेच नव्हता.

दुसऱ्या सकाळी ते आपण होऊन पाटावर बसले. नणंदेने पट्टा बांधला. मी नेहमीसारखी बांगड्या वर करून पाय न वाजवता आले, बसले, नळ्या कानात घातल्या, चकती धरली. रोजची सवय. त्यांना आता दिसतं हे माझ्या डोक्यातून साफ निघून गेलं होतं. मान वर केली तर जाड काचेमागून मोठा झालेला डोळा माझ्याकडे बघत होता. माझ्या बांगड्यांवर बांधलेल्या फडक्याकडेही त्यांनी बघितलं.

"सारखी हीच व्हती व्हय?" त्यांनी लेकीला विचारलं.

नणंदेला वाटलं, आता सगळंच गोड झालंय. ती हसून म्हणाली, "व्हय की. आवं, मला कुठलं येतंय मोजाय?"

मामंजींनी तोंड भिंतीकडे वळवलं. इतके दिवस काय काय बोललो, ते आठवत असावेत. मी फुगा दाबलाच नव्हता. त्यांनीच पट्टा ओढून सोडला, बंडी अंगात घातली आणि शेतावर गेले. त्यानंतर त्यांनी दंड कुणाला दिला नाही. लेकीशीही पहिल्यासारखे बोलेनात. नणंद बाळाला घेऊन सासरी गेली तेव्हा तिने मला विचारलं, "आबा माज्यावर रागावल्यात का गं वैनी?" मी तिला नाही म्हणाले.

डाव्या डोळ्यासाठी पुन्हा सांगलीला जायची वेळ आली. डॉक्टरांनी विचारलं, घरचे आकडे काय म्हणतात? मी पिशवी धरून उभी होते आणि माझ्याकडे आकडाच नव्हता. खरं सांगावं तर मामंजींची लाज चारचौघांत उघडी करायची. मी तोंड उघडलंच नाही. बोलले ते मामंजीच.

"रोज मोजती की सूनबाई. झ्याक हाय सगळं."

त्यांनी मला सूनबाई म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. मी मान खाली घातली, तोच त्यांनी होकार धरला.

ऑपरेशनच्या दिवशी मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून होते. आत रक्त सुटलं तर तो डोळा आम्हा दोघांच्या खोटेपणाने जाणार होता. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "डोळा उत्तम झालाय. आत घेण्याआधी आम्हीही प्रेशर पाहिलं. तुम्ही सांगितलंत तसंच, अगदी व्यवस्थित. घरी इतकं नीट मोजणारं माणूस मी पाहिलं नाही."

मी हात जोडले. आत्याबाई पटकन आत गेल्या. दार अर्धं उघडं होतं. मामंजी डोळ्यावर पट्टी बांधून उताणे पडले होते आणि बंडीशिवायचा त्यांचा हात चादरीवर सैल पडला होता.

"ती कुठं हाय?" त्यांनी आत्याबाईंना विचारलं. "आत ये म्हणावं."

मी उंबऱ्यापर्यंत गेले. तो सैल हात बघितला, आणि तो पुन्हा ताठ होऊ नये म्हणून तिथेच थांबले.